यादगिरीची साठ कार्डं

यादगिरी चिलवेरीला अडुसष्ट वर्षांत "तुमच्या मनात काय आहे?" असं कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारल्यामुळे त्याचं काही अडलंही नव्हतं. सोलापूरच्या पूर्व भागात, चादरीच्या कारखान्यांत, त्याने एक्केचाळीस वर्षं पंचिंग केलं. त्या कामात मनात काय आहे याला कुणी विचारत नाही. कागदावर काय आहे ते बघायचं आणि ठोकायचं.

पंचिंग म्हणजे काय हे नुसती चादर अंगावर घेणाऱ्याला ठाऊक नसतं, आणि त्यात त्याचा दोष नाही. ऊब आली की माणूस पुढचं विचारत नाही. पण चादरीवरचा मोर मागाला आपोआप सुचत नाही. आधी चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून मोर काढायचा. मग तो कागद वाचत वाचत, एकेका ओळीचं एकेक पुठ्ठ्याचं कार्ड ठोकायचं. जिथे भोक तिथला दोरा वर उचलला जातो, भोक नाही तिथला खाली बसून राहतो. अशी शेकडो कार्डं ओळीने ओवून मागावर चढवली की माग मोर विणायला लागतो. एक भोक चुकलं तर मोराचा डोळा मानेत उतरतो, आणि एका चादरीवर नाही, माल संपेपर्यंत प्रत्येक चादरीवर.

यादगिरीचं भोक चुकत नसे. असं लोक म्हणत, आणि लोक म्हणत त्याहून जास्त तो स्वतः म्हणे. कारखान्यातले माग ज्याच्या ताब्यात असत तो जॉबर नबीसाब, त्याच गल्लीत तीन घरं सोडून राहणारा, नव्या कामगारांना सांगायचा, "यादगिरीचं कार्ड तपासायचं नसतं. तपासनेवालाच चुकतो." यादगिरीच्या घरात ना सोनं होतं ना शेत. हे एक वाक्य होतं, आणि त्यावर तो कारखाना बंद पडल्यावरही ताठ मानेने गल्लीतून चालत होता.

तर अशा माणसाच्या दारात फेब्रुवारीत अपेक्षा नावाची मुलगी आली. मूळची बार्शीची, पुण्यात चित्रकला शिकलेली, कानात हे एवढाले लाकडी डूल, पायात कोल्हापुरी. तिच्या गटाने शहरातल्या गल्ल्यांमधल्या भिंती लोकांकडूनच रंगवून घ्यायचा कार्यक्रम काढला होता. गल्लीच्या तोंडाशी बंद कारखान्याची पंचेचाळीस फुटी भिंत होती, आजवर तिच्यावर फक्त वाढदिवसाचे फ्लेक्स आणि "येथे लघवी करू नये" एवढंच साहित्य झालेलं. ती भिंत तिला मिळाली होती.

समाजमंदिरात तिने सभा घेतली तेव्हा यादगिरी गेला होता खरा, पण नळाला पाणी पाच दिवसांनी का येतं यावर सभा आहे अशा समजुतीने. तासभर तो पाण्याची वाट बघत बसला. "सहभाग", "अभिव्यक्ती", "तुमची गोष्ट तुमच्या भिंतीवर" असं बरंच काही डोक्यावरून गेलं, पाणी काही आलं नाही. घरी येऊन बायकोला म्हणाला, "रंग देनार हायत म्हनं भिंतीला. चांगलंय. पन त्याला सभा कशाला?"

दुसऱ्या दिवशी अपेक्षा थेट घरात. सावित्रम्मा मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होती. तिने हात न थांबवता पायानेच पाट पुढे सरकवला.

"काका, तुम्ही चादरीचे डिझायनर होतात ना?"

"न्हाय ओ. पंचिंग करत होतो."

"म्हणजे डिझाइन तुम्हीच काढायचात?"

"कागद आमीच भरायचो. शेट सांगायचा मोर, आमी मोर. शेट म्हनला कमळ, तर कमळ."

"आणि या भिंतीवर तुम्हाला काय काढावंसं वाटतं?"

"तुमी सांगा की."

"मी नाही सांगणार," अपेक्षा हसून म्हणाली. "तुमच्या मनात काय आहे?"

यादगिरीने सावित्रम्माकडे बघितलं. सावित्रम्माने बिडीचं तोंड दुमडलं. घरात मनातलं बोलायची पद्धत नव्हती असं नाही, पण ते भाजीत मीठ कमी आहे इतपत. त्याने प्रामाणिकपणे मनात डोकावून बघितलं आणि म्हणाला, "काय न्हाय ओ."

चार दिवस तो बिचारा त्या प्रश्नाने हैराण झाला. ओट्यावर बसून भिंतीकडे बघायचा. स्वतःचं म्हणजे काय? मोर काही त्याच्या बापाचा नव्हता, कमळ देवीचं होतं, वेलबुट्टी तर शेटने अहमदाबादच्या कापडावरून उचललेली. रोज चार वाजता नबीसाब चहाला येई. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "ज्यादा सोच मत. मोर काढ. मोराला कोण नाव ठेवत न्हाय." पाचव्या दिवशी यादगिरीने मोर काढला. एक नाही, दोन, समोरासमोर तोंड करून, मध्ये झाड. आपल्या मनात शेवटी मोरच निघाला याची त्याला थोडी लाजही वाटली, पण अपेक्षा कागद बघून नाचायचीच बाकी राहिली.

आणि इथे यादगिरीने ती युक्ती सांगितली, जी खरोखर त्याची स्वतःची होती. फक्त ती त्याला मोठी वाटली नाही. गल्लीत साठ घरं. पन्नास तऱ्हेची माणसं, तेलुगू, कानडी, मराठी, मुसलमान. कुणाला ब्रश धरता येत नाही. तर प्रत्येक घराला एकेक कार्ड द्यायचं. भिंतीवर नऊ इंचांच्या साठ पट्ट्या आखायच्या, पट्टीत तीन इंचांची घरं. ज्याचं कार्ड त्याची पट्टी. भोक तिथे लाल, भोक नाही तिथे पांढरं. चित्र कुणाला यायला नको आणि कळायलाही नको. मोजता आलं की झालं. मागाला तरी मोर कुठे कळतो?

"काका, हे विलक्षण आहे," अपेक्षा म्हणाली. यादगिरी बुचकळ्यात पडला. यात विलक्षण काय? कार्ड म्हणजे असंच असतं.

माळ्यावरून पंचिंगची लोखंडी पाटी आणि हातोडी खाली आली. घरी पडलेल्या जुन्या पिवळ्या पुठ्ठ्यांतून तीस कार्डं निघाली, ती त्याने दोन दिवसांत ठोकली. पुठ्ठा संपला. अपेक्षाने तीन दिवसांनी बाजारातून नवा निळसर पुठ्ठा आणून दिला आणि उरलेली तीसही झाली. ठकठक ऐकून म्हातारे विणकर दाराशी येऊन उभे राहत. सावित्रम्मा म्हणाली, की नवरा झोपेत घोरत नाही म्हणजे त्याला काम मिळालंय.

आता काम करून घेणारं माणूस हवं होतं. अपेक्षाने साबेराला पकडलं. साबेरा म्हणजे नबीसाबची सून. नवरा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. ही घरी शाळेच्या गणवेशांची शिलाई करायची, डोळ्याला पक्की आणि बोलायला कमी. चारचौघांत उभं राहून सूचना देणं तिने जन्मात केलं नव्हतं. "मला न्हाय जमायचं," म्हणाली, आणि मग वही घेऊन घरोघर फिरून कुणाला कोणत्या नंबरचं कार्ड हे असं लिहून आणलं की अपेक्षानेही तोंडात बोट घातलं. गुरम्माच्या घरात नातवंडं भांडतात म्हणून तिच्या पट्टीचे दोन भाग पाडायचे, इथपर्यंत नोंद. मोहल्ल्यातल्या बायका कौतुकाने, आणि एकदोघी जराशा खवचटपणे, तिला "साबेरा मॅडम" म्हणायला लागल्या. ती लाजायची, पण ओढणी सारखी करून पुढच्या दाराला जायची.

पहिल्या रविवारी डाव्या तीस पट्ट्या रंगल्या. यादगिरी खुर्ची टाकून समोर बसला होता. संध्याकाळी पांढऱ्या जमिनीवर लालभडक मोर उभा राहिला तेव्हा ज्या माणसांनी तो रंगवला तीच माणसं मागे सरकून "अगं बाई, मोर!" म्हणून ओरडली. यादगिरीला आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या रविवारी अक्कलकोटला भाच्याची वास्तुशांत होती. मामा नाही म्हटल्यावर कसं होईल? त्याने साबेराला बोलावून सांगितलं, "भोकाला लाल. ध्यानात हाय न्हवं?" ती म्हणाली, "हाय, मामा." आणि तो एसटीत बसला.

परतला तेव्हा पाच वाजून गेले होते. पिशवीत जेवणातले उरलेले लाडू होते. गल्लीच्या तोंडाशी वळला आणि जागच्या जागी थांबला.

डावीकडे पांढऱ्या जमिनीवर लाल मोर. उजवीकडे लाल जमिनीवर पांढरा मोर. मधलं झाड उभं चिरल्यासारखं, अर्धं असं, अर्धं तसं. उजव्या बाजूला सगळं उलटं झालं होतं. म्हणजे, तो मनात म्हणाला, भोकाला पांढरं, बिनभोकाला लाल.

माणसं हात धूत होती. कुणाला काही खटकलेलं दिसत नव्हतं. गुरम्मा तर म्हणाली, "दोन रंगाचे दोन मोर, लई भारी झालंय की ओ." यादगिरीच्या कानांत ते शिरलं नाही. त्याला एवढंच दिसत होतं, की उद्या शहरातला प्रत्येक जुना विणकर इथून सायकलवरून जाणार आणि म्हणणार, यादगिरीने उलटं ठोकलं.

"साबेरा!"

ती ब्रश पुसत पुढे आली.

"काय सांगून गेल्तो मी? भोकाला काय?"

"लाल, मामा."

"मग हे काय? तीस पट्ट्या! एक न्हाय, तीस! डोळे हायत का भोकं हायत ती?"

साबेराने त्याच्याकडे बघितलं. "मामा, कार्डात जसं..." एवढंच तिने म्हटलं.

"माझ्या कार्डाचं नाव काढू नगंस. एक्केचाळीस वर्षं! एक भोक चुकलं न्हाय माझं! झेपत न्हाय तर म्होरं म्होरं करायचं न्हाय मानसानं!"

साठ घरांची माणसं ऐकत होती. साबेराने ब्रश डब्यावर आडवा ठेवला, डोक्यावरून ओढणी घेतली आणि घराकडे निघाली. मागून कुणीतरी म्हणालंच, "शिलाई येगळी, हे येगळं." तेच तोंड सकाळी तिला मॅडम म्हणत होतं.

आता यादगिरीची अपेक्षा अशी, की झाल्या प्रकाराने अपेक्षाताई हबकून जाणार. मंगळवारी ती आली. भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिली. मग तोंडावर हात ठेवून म्हणाली, "काका! हे कसं सुचलं तुम्हाला?"

"काय?"

"चादरीच्या दोन बाजू! एका बाजूला लाल मोर, उलटली की पांढरा. दोन्ही बाजू एकाच भिंतीवर!"

"ताई, हे चुकलंय."

"नाही हो काका."

"अवो चुकलंय! पुसायचंय सगळं. पांढरा मारा, मी परत उभा राहून करून घेतो."

"अजिबात हात लावायचा नाही," अपेक्षा म्हणाली. "शनिवारी उद्घाटन आहे. आणि चुकलं असेल तर कुणाकडून?"

"त्या साबेराकडनं."

"मग साबेराताईंचंही नाव घालायला हवं तुमच्याबरोबर!"

यादगिरी तिच्याकडे बघतच राहिला. कारखान्यात चुकलेल्याला दोन दिवस घरी बसवत. इथे चुकलेल्याचं नाव भिंतीवर लिहितात. त्याला वाटलं, एक तर या पोरीला काही कळत नाही, नाहीतर आपल्याला काही कळत नाही, आणि दोन्हीपैकी कुठलं खरं हेही कळत नाही. पोरं येऊन भिंतीपुढे फोटो काढत होती. वर्तमानपत्राचा माणूस येऊन गेला आणि त्याने "संकल्पना: यादगिरी चिलवेरी" असं लिहून घेतलं. संकल्पना! त्याने सावित्रम्माला विचारलं, संकल्पना म्हणजे काय? ती म्हणाली, "पूजेच्या आदी हातावर पानी सोडतात त्ये असंल."

चार वाजले, नबीसाब चहाला आला नाही. बुधवारीही नाही. गुरुवारी यादगिरी मुद्दाम ओट्यावर बसला. नबीसाब समोरून गेला, दूध घेऊन आला, मान वर केली नाही. पस्तीस वर्षांत हे पहिल्यांदा. साबेराच्या घराचं दार लोटलेलं असे आणि आतून शिलाईच्या मशीनचा आवाज येई. ती कुणाच्या दारात गेली नाही आणि तिला बोलवायलाही कुणी गेलं नाही.

"कार्डं बघितली का तुमी?" सावित्रम्माने विचारलं.

"कुठली?"

"तुमची. साबेरानं नंबरवार दोऱ्यात बांदून पाठवलीत सोमवारीच. कोपऱ्यात हायत."

"माझी कार्डं मी बघू?"

"बघितली म्हून झिजत न्हायत."

"बघायची गरज न्हाय," म्हणून तो बाहेर गेला. हा माणूस हट्टी होता. पण नुसता हट्टी माणूस रात्री झोपतो, आणि हा झोपत नव्हता.

शनिवारी सकाळी अपेक्षाचा निरोप आला, की साठही कार्डं भिंतीखाली दोरीवर लटकवायची आहेत, लोकांना बघायला, तेवढी ओळीने लावून ठेवा. मग काय, उघडावीच लागली. साबेराने पांढऱ्या दोऱ्याने ती इतकी नीट ओवली होती की खुद्द नबीसाबने ओवली असती तर अशी. यादगिरीने मूळ कागद पुढ्यात पसरला आणि पहिलं कार्ड खिडकीच्या उजेडावर धरलं. बरोबर. दहावं, बरोबर. तिसावं, बरोबर. पिवळी संपली, निळसर सुरू झाली. त्याने एकतिसावं धरलं.

कागदावर भरलेली घरं होती तिथे कार्ड कोरं होतं. रिकामी घरं होती तिथे भोकं.

त्याने कार्ड उलटं केलं, सुलटं केलं. बत्तिसावं धरलं. चाळिसावं. साठावं. एकही भोक इकडचं तिकडे नव्हतं. नुसती सगळी उलटी होती, अत्यंत सफाईने, एकही चूक न करता केलेली तीस कार्डांची चूक.

त्याला कळायला वेळ लागला नाही आणि पटायला फार लागला. पहिल्या कारखान्यात एकवीस वर्षं भरलेलं घर म्हणजे भोक असा रिवाज. तिथला पुठ्ठा पिवळा. तो बंद पडला आणि दुसऱ्या कारखान्यात गेला, तर तिथे नेमकं उलटं, रिकामं घर म्हणजे भोक. तिथे वीस वर्षं. तिथला पुठ्ठा निळसर यायचा. नवा पुठ्ठा हातात आला आणि हात आपला मुकाट्याने दुसऱ्या कारखान्यात जाऊन बसला. हाताचा मालक घरीच राहिला, त्याला पत्ताच नाही.

यादगिरीने कार्ड खाली ठेवलं. पहिली लाज वाटली ती चुकीची नव्हे, साबेराच्या चेहऱ्याची. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती त्याने, आणि तीही भर चौकात. पण दुसरा विचार लगेच आला, तो सांगायला हवा, कारण तो आला होता: ही कार्डं वाचता येणारी माणसं गल्लीत दोन. एक तो आणि एक नबीसाब, आणि नबीसाब काही दोरीपाशी येणार नाही. पण कार्यक्रमाला बाहेरचे जुने पंचिंगवाले आले तर? मागे मोरीत पिंप भरलेलं होतं. पुठ्ठा पाण्यात तासाभरात लगदा होतो. भिजली, उंदरांनी खाल्ली, काहीही सांगता येतं. भिंतीवर नाव तसंच राहतं. एक्केचाळीस वर्षं तशीच राहतात. जाते फक्त साबेराची एक आठवडाभराची मॅडमगिरी, आणि ती तर गेलीच आहे.

तो तीस कार्डांचा गठ्ठा हातात धरून मोरीच्या दाराशी कितीतरी वेळ उभा होता. सावित्रम्मा चुलीपाशी होती. तिने बघितलं आणि काही विचारलं नाही. कधीकधी बायकोने ओरडावं असं वाटतं आणि ती नेमकी तेव्हाच गप्प बसते. शेवटी यादगिरीच म्हणाला, "सावित्री, माझं चुकलं गं."

"व्हय," ती म्हणाली. "जेवून घ्या. संध्याकाळी बोलायला लागंल."

संध्याकाळी मंडप, खुर्च्या, स्पीकर. साठही कार्डं त्याने स्वतः दोरीवर टांगली, उलटी असलेलीही. पाहुणे म्हणून आलेल्या कुठल्याशा कला महाविद्यालयाच्या निवृत्त प्राध्यापकांनी वीस मिनिटं भाषण केलं. एकच मोर दोन बाजूंनी बघण्याची ही दृष्टी, सत्य एकरंगी नसतं, हातमागाच्या परंपरेतलं हे तत्त्वज्ञान, असं कायकाय ते बोलले. यादगिरी स्वतःच्याच भिंतीकडे वळून बघत होता, की बाबा, यात हे सगळं कधी शिरलं? मग त्याला शाल घातली, नारळ दिला आणि माईक हातात दिला.

त्याने समोर बघितलं. साबेरा नव्हती. तिचं दार तिथून दिसत होतं, लोटलेलं. पण स्पीकरचा कर्णा नेमका त्याच बाजूला तोंड करून होता.

"मी पंचिंगवाला हाय, मला बोलता येत न्हाय," तो म्हणाला. "हे सायेब जे बोलले ते मला काय समजलं न्हाय. ही भिंत चुकलेली हाय. एकतीसपासनं साठपर्यंत कार्डं मी उलटी ठोकली. हितं टांगलीत, बघा. साबेराची चूक न्हाय. तिनं कार्डात हाय तसंच केलं. मी तिला सगळ्यांच्या म्होरं वंगाळ बोललो. चूक माझी हाय."

मग प्राध्यापकांनी टाळी वाजवली, आणि त्यांचं बघून सगळ्या मंडपाने. टाळ्यांचा नुसता पाऊस. "किती नम्रता!" प्राध्यापक अपेक्षाला म्हणाले. "चुकीचाही स्वीकार!" अपेक्षाच्या डोळ्यांत पाणी होतं. गुरम्माही टाळ्या वाजवत होती.

"टाळ्या काय वाजवतासा?" यादगिरी माईकमध्ये म्हणाला. "चुकलंय म्हनतोय मी!" लोक हसले आणि आणखी जोरात टाळ्या झाल्या. माणूस गुन्हा कबूल करतो तेव्हा कुणीतरी रागवायला नको? माफी मागितली ती कुणापर्यंत पोचली? त्याने माईक खुर्चीवर ठेवला आणि तसाच, खांद्यावर शाल घेऊन, मंडपाच्या कडेने चालत सुटला.

साबेराचं दार त्याने ढकललं. ती मशीनवर बसली होती, भोवती निळ्या बाह्यांचा ढीग. आत खाटेवर नबीसाब भिंतीकडे तोंड करून पडला होता, तो उठून बसला. साबेराने स्टूल पुढे केलं.

"ऐकलंस?" यादगिरीने विचारलं.

"ऐकलं, मामा. कर्णा हिकडंच होता."

"चूक माझी होती."

"मला म्हाईत होतं."

"कवा कळलं?"

"त्याच दिवशी. तिसऱ्या पट्टीलाच." ती मशीनचं चाक हाताने मागेपुढे करत बोलत होती. "मोराची मान यायला पायजे तितं पोकळ दिसाय लागलं. कार्ड बघाय ह्या अब्बांनीच शिकवलंय मला. मी सगळ्यांना थांबवलं. ब्रश खाली ठिवाय लावले. धा मिंट तशीच उभी होते."

"आनि मग?"

"मग म्हटलं, यादगिरीमामांचं कार्ड हाय. माझंच डोकं उलटं चालत असंल. मामांच्या मनात कायतरी येगळं असंल, आपल्याला काय कळतंय. म्हटलं, चालू करा."

यादगिरी स्टुलावर टेकला. "आनि मी वरडलो तवा? तवा तरी सांगायचंस, कार्ड उलटं हाय म्हनून."

"सगळ्या गल्लीम्होरं? तुमचं कार्ड चुकलं म्हनून?" साबेराने मान हलवली. "मला चार दिवस बोलतील आनि इसरतील. तुमाला कोन इसरलं असतं?"

बाहेर स्पीकरवर कुणीतरी आभार मानत होतं.

"एकदा फोन करून विचारायचंस गं मला," तो म्हणाला. "नुसतं एकदा विचारलं असतंस..."

साबेराने चाकावरचा हात थांबवला आणि पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ बघितलं.

"तुमी तरी कुटं विचारलं, मामा?"

मग यादगिरीने खांद्यावरची शाल काढून मांडीवर घेतली आणि तो तसाच स्टुलावर बसून राहिला. थोड्या वेळाने साबेराने पुढची बाही मशीनखाली सरकवली.